दुसऱ्यांदा जायचं

ताई,
मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष कसं गेलं कळलंच नाही. आल्या आल्या उत्साहाच्या भरात सहा मंडळांत नाव नोंदवलं: नाटक, वादविवाद, खगोल, गिर्यारोहण, भित्तिपत्रक, आणि सहावं कुठलं ते आता आठवतही नाही. प्रत्येक ठिकाणी एकदा गेले. सगळ्यांचे गट आधीच जमलेले वाटले, मग जाणं थांबलं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी काम करते. त्यामुळे लेक्चर, काम आणि खोली एवढंच चाललंय. अभ्यास करते, नोट्स दोन-दोनदा वाचते, रंगीत पेनांनी रेघा मारते, तरी मार्क बेताचेच. वर्गातल्या मुली इंटर्नशिपचे, स्पर्धांचे फोटो टाकतात. ते पाहिले की वाटतं, ही वर्षं परत येणार नाहीत आणि माझी हातातून निसटतायत. कधी कधी तर वाटतं, मला इथे प्रवेश मिळाला हीच काहीतरी चूक झाली असावी. विद्यापीठात असताना करायलाच हव्यात अशा गोष्टींची एक यादी द्याल का? उरलेल्या काळात सगळं भरून काढीन.
ता. क. एका सरांचं शिकवणं मला फार आवडतं. त्यांना भेटायचं आहे, पण मेलमध्ये काय लिहू तेच सुचत नाही.
- दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं आणि दर वेळी ‘एकदा गेले’ या दोन शब्दांपाशी अडले. तू ते सहज लिहून गेलीस. मला मात्र तुझ्या तक्रारीचं मूळ तिथेच दिसतं.

यादी मी देणार नाही. सहा मंडळांची यादी तुझ्याकडे होतीच. आणखी बारा कलमं दिली तर तू बारा ठिकाणी एकेकदा जाऊन येशील, आणि वर्षाच्या शेवटी मन आजच्यापेक्षा जड झालेलं असेल. मला तुला एवढंच सांगायचं आहे की विद्यापीठातल्या चांगल्या गोष्टी पहिल्या खेपेला फारशा हाती लागत नाहीत. पहिल्या भेटीत माणसं कळत नाहीत, विषयही कळत नाही. त्यामुळे नवीन काय करू हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेव आणि पुन्हा कुठे जाऊ हे ठरव.

आधी त्या मंडळांचं बघू. ‘सगळ्यांचे गट आधीच जमलेले’ हे तू जे पाहिलंस ते खरंच तसं होतं. कॅन्सस विद्यापीठातले अभ्यासक जेफ्री हॉल यांनी मैत्री जमायला किती वेळ लागतो याचा माग काढला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थीही होते. नुसत्या ओळखीची बऱ्यापैकी मैत्री व्हायला सरासरी ५० तासांच्या आसपास एकत्र वेळ जावा लागतो, चांगला मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असं त्यांना आढळलं. आता हिशेब कर. एखादं मंडळ आठवड्यातून दोन तास भेटत असेल तर ५० तास व्हायला २५ आठवडे लागतील. तू दोन तासांनंतर परत फिरलीस. त्या दोन तासांत तुला कुणी आपलं मानलं नाही यात तुझ्यात काही कमी होतं असं नाही, आणि त्यांचंही मन लहान होतं असं नाही. अजून काही घडायला वेळच मिळाला नव्हता.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नुसतं एकत्र काम करण्यात किंवा वर्गात शेजारी बसण्यात गेलेल्या तासांनी जवळीक तितकी वाढत नाही, जितकी कामाव्यतिरिक्तच्या वेळाने वाढते. म्हणून तालीम किंवा चर्चा संपली की लगेच पाठीला सॅक लावून निघू नकोस. फाटकापर्यंत कुणाबरोबर तरी चालत जा. खुर्च्या आवरायला थांब. नवख्या माणसाला घोळक्यात उभं राहणं अवघड जातं, पण हातात काम असेल तर तिथे असण्याला कारण मिळतं. म्हणून अर्धा तास आधी जाऊन ‘मी काय करू?’ असं विचार. चार आठवडे असं केलंस की पाचव्या आठवड्यात तू आली नाहीस तर कुणीतरी विचारेल.

सहापैकी कुठलं निवडायचं? ज्या मंडळाच्या कामाचा सर्वांत कंटाळवाणा भागही तुला चालेल, ते. नाटक सगळ्यांना आवडतं, पण तीन महिने त्याच त्या प्रवेशाची तालीम पाहत बसणं सगळ्यांना आवडत नाही. दुर्बिणीतून शनीची कडी बघायला सगळे येतात, पण ढगाळ रात्री दुर्बीण पुसून ठेवायला दोघंच थांबतात. तुला कुठे थांबावंसं वाटतं ते तूच जाण. बाकीची पाच सोडून दे, आणि त्याची रुखरुख मुळीच ठेवू नकोस.

सरांना भेटण्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत मोलाची वाटली ती तुझी ताजा कलमातली ओळ. चार्ल्स डार्विनच्या विद्यार्थिदशेची गोष्ट तुला सांगते. वडिलांनी त्याला १८२५ मध्ये वैद्यक शिकायला एडिंबराला पाठवलं. भूल देण्याची सोय अजून यायची होती. शस्त्रक्रिया पाहणं त्याला सोसेना, आणि ते शिक्षण त्याने अर्धवट सोडलं. १८२८ मध्ये तो केंब्रिजला आला तो धर्मोपदेशक होण्याच्या तयारीसाठी. तिथे जॉन हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची व्याख्यानं डार्विनच्या पदवीसाठी लागणारी नव्हती, तरी तो जाऊन बसला. एका वर्षी नव्हे, तर ओळीने तीन वर्षं, त्याच व्याख्यानांना. हेन्स्लो आठवड्यातल्या एका संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी घर खुलं ठेवत, तिथेही तो जाऊ लागला. पुढे त्यांच्यासोबत दूरवर फिरायला जाऊ लागला, आणि तेही इतक्या नेमाने की विद्यापीठातल्या इतर प्राध्यापकांत ‘हेन्स्लोंबरोबर फिरणारा तो’ हीच त्याची ओळख झाली.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये हेन्स्लोंचं पत्र आलं. बीगल नावाच्या जहाजावर निसर्गाचा अभ्यास करणारा एक तरुण हवा होता, आणि त्यांनी डार्विनचं नाव सुचवलं होतं. पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की तू पूर्ण तयार झालेला निसर्गशास्त्रज्ञ आहेस असं समजून मी हे केलेलं नाही. गोळा करणं, निरखणं आणि टिपून ठेवण्याजोगं ते टिपणं यांसाठी तू पुरेसा लायक आहेस म्हणून केलं आहे. त्या वर्षाच्या २७ डिसेंबरला जहाज निघालं तेव्हा डार्विन बावीस वर्षांचा होता.

हेन्स्लोंना असं पत्र लिहिता आलं, कारण तो काय निरखतो आणि कसं टिपतो हे त्यांनी तीन वर्षं पाहिलं होतं. पुढे तुलाही शिफारसपत्र लागेल. वर्षभर मागच्या बाकावर बसून शेवटच्या आठवड्यात ते मागायला गेलीस तर कितीही भल्या प्राध्यापकाला तुझ्याबद्दल दोन ओळींपलीकडे काय लिहिता येईल? पण शिफारसपत्र ही त्यातली छोटी गोष्ट. ज्याने एखाद्या विषयात वीस-तीस वर्षं घालवली आहेत, त्याला समोर बसून विचार करताना पाहायला मिळणं ही मोठी. तो कुठे अडतो, कुठल्या प्रश्नावर ‘हे मला माहीत नाही’ म्हणतो, कुठलं पुस्तक न बघता शेल्फमधून काढतो, हे व्याख्यानात कधीच दिसत नाही.

मी स्वतः पहिलं वर्षभर एका बाईंच्या खोलीवरून रोज जात होते. दार उघडं असायचं. आत जायला मला दुसरं वर्ष उजाडलं, आणि गेले तेव्हा एका तळटीपेबद्दलचा एवढासा प्रश्न हातात होता. त्यांनी उत्तर दिलं नाही, एक लेख दिला आणि वाचून झाल्यावर ये म्हणाल्या. मी गेले. त्या दुसऱ्या भेटीत त्या माझ्याशी तासभर बोलल्या. लिहिण्याबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं मी त्या खोलीत शिकले, आणि एक अख्खं वर्ष मी त्या दारापुढून नुसती जात राहिले याचं आजही वाईट वाटतं. तू ते वर्ष वाचव. पहिल्या भेटीला एकच प्रश्न घेऊन जा आणि पंधरा मिनिटांत उठ. सरांनी काही सुचवलं तर ते खरंच कर. दुसऱ्या भेटीचं कारण तिथूनच मिळतं: ‘तुम्ही सांगितलंत ते वाचलं, आणि हे मला पटलं नाही.’ शिकवणाऱ्या माणसाला याहून आनंदाचं वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं.

आता तुझे मार्क. पुन्हा जायचं म्हणते खरी, पण नोट्सकडे तू जशी पुन्हा जातेस तसं नाही. दोनदा वाचण्याने ओळखीचं वाटू लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं आपण समजतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांनी एक छोटा उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा मिटून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात, आपल्याला हे नीट लक्षात राहील अशी खात्री सर्वांत जास्त वाटत होती ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना. तुझ्या रंगीत रेघांनी तुला दिलेली खात्री हीच असावी. अभ्यास करूनही पेपरात हात रिता राहतो, तेव्हा माणूस स्वतःच्या बुद्धीला दोष देतो. तसा तो देऊ नकोस, पद्धत बदलून बघ.

लेक्चर संपलं की दहा मिनिटं कुठेतरी बसायचं आणि वही न उघडता कोऱ्या कागदावर त्या तासाचं जे आठवेल ते लिहायचं. मोडकं-तोडकं, वाक्यं अर्धवट, आकृती चुकलेली, काहीही चालेल. मग वही उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरायचं. तुझी पेनं इथे कामी येतील. तोच विषय दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि मग आठवड्याने. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच वर्षानुवर्षं पाठांतराचे प्रयोग करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तेव्हाच त्याला दिसलं होतं की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तेच पाठांतर काही दिवसांत विभागलं तर बरीच कमी आवर्तनं पुरतात. काम करून शिकणाऱ्या मुलीला याचा फायदा जास्त, कारण तिच्याकडे सलग रात्री नसतात, सुटी दहा-दहा मिनिटं असतात. पहिले पंधरा दिवस ही पद्धत फार त्रासाची वाटेल. कागद कोराच राहील आणि तुला रडू येईल. तरी पंधरा दिवस थांब.

‘प्रवेश मिळाला हीच चूक’ या वाक्याने माझा जीव कळवळला. हे वाटणं किती जणांच्या पोटात असतं हे तुला कळलं तर तू थक्क होशील. ते कुणी फोटोत टाकत नाही, एवढंच. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल केंब्रिजला पीएच.डी. करायला आल्या तेव्हा त्यांनाही हेच वाटत होतं: यांची चूक झाली आहे, आज ना उद्या मला घालवून देतील. मग त्यांनी ठरवलं की घालवून देईपर्यंत होईल तितकं कसून काम करायचं, म्हणजे मागे पश्चात्ताप राहणार नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे. ज्या रेडिओ दुर्बिणीच्या उभारणीत त्यांनी हात लावला होता, तिच्या नोंदींचा रोज जवळपास ३० मीटर कागद बाहेर पडे, आणि त्या तो डोळ्यांखालून घालत. १९६७ मध्ये त्या कागदावर त्यांना एक बारीकशी, कशातच न बसणारी खूण दिसली. असलंच काहीतरी आकाशाच्या याच भागाच्या आधीच्या कागदावर पाहिलं होतं, असं त्यांना आठवलं. त्या जुन्या कागदांकडे परत गेल्या, शोधलं, आणि ती खूण तिथेही होती. पल्सार या, ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांचा शोध तिथून लागला.

असं काही तुझ्या हातून होईल असं मी म्हणत नाही. मला त्यातलं जवळचं वाटतं ते हे की आपण इथल्या नाही ही भावना त्यांच्या मनातून आधी गेली आणि मग काम सुरू झालं, असं झालं नाही. ती होतीच, आणि तिच्यासकट त्या रोज कागदापुढे बसत होत्या. तूही ती भावना जायची वाट बघू नकोस.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगते. झोप उडाली असेल, जेवावंसं वाटत नसेल, सकाळी उठण्यातच काही अर्थ वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर माझं हे पत्र बाजूला ठेव आणि विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे जा. तिथे जाण्यासाठी आणखी वाईट व्हायची वाट पाहायची नसते.

ग्रंथालयाबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. विद्यार्थी असताना आपल्याला आयुष्यात पुन्हा सहजी न मिळणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे एका मोठ्या ग्रंथसंग्रहात रोज, विनासायास, कितीही वेळ बसण्याची मुभा. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीत बसायला लाग. हवं ते पुस्तक घेतलंस की त्याच्या डावी-उजवीकडची दोन पुस्तकंही उघडून बघ. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावलेली असतात, त्यामुळे तुला जे शोधायचं सुचलंही नसतं ते हातभर अंतरावर असतं. जुने प्रबंध मागून घे आणि तुझ्याच विभागात शिकून गेलेल्या कुणीतरी काय केलं होतं ते वाच. ग्रंथपालांशी बोल. एखादं पुस्तक तिथे नसेल तर ते दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतं का, हे विचार. कित्येक विद्यार्थी पदवी घेऊन जातात आणि अशी सोय आपल्याकडे होती हे त्यांना ठाऊकही नसतं.

कामाच्या तीन संध्याकाळी गमावलेल्या म्हणून मोजू नकोस. तिथली माणसंही तुझी माणसं आहेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती खबर जवळच्या मित्रांकडून आलेली नव्हती, अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून आली होती. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला आधीच माहीत असतं. तेव्हा ज्यांच्याशी नुसतं हसून बोलणं होतं त्यांच्याशी ते चालू ठेव. उरलेल्या चार संध्याकाळींपैकी एक मंडळाला दे, दोन ग्रंथालयाला, आणि एक कुणालाच देऊ नकोस. वर्गातल्या मुलींच्या फोटोंवर मी वेळ घालवत नाही, तूही घालवू नकोस.

आता मेल. तो छोटा असू दे, स्वतःबद्दल कमी आणि प्रश्नाबद्दल जास्त. विषयाच्या जागी ‘मंगळवारच्या व्याख्यानाबद्दल एक प्रश्न’ असं लिही. मग असं काहीसं:

‘आदरणीय सर, मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आहे. मंगळवारी तुम्ही जो मुद्दा मांडलात त्याबद्दल मी संदर्भपुस्तकातलं प्रकरण वाचलं. तिथे कारण वेगळं दिलेलं वाटलं, आणि दोन्हींची सांगड मला घालता आली नाही. तुमच्या सोयीच्या वेळी पंधरा मिनिटं भेटता येईल का? मी सोमवारी आणि गुरुवारी दुपारी मोकळी आहे.’

खाली पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक. स्वतःची स्तुती नको, त्यांचीही फार नको, आणि ‘त्रास देतेय, क्षमा करा’ हे तर मुळीच नको. लिहिण्याआधी ते प्रकरण खरोखर वाच, कारण पहिला प्रश्न त्यावरच येईल. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर तोच मेल दोन ओळींच्या आठवणीसह पुन्हा पाठव. प्राध्यापकांच्या मेलपेटीत रोज बरंच काही साचतं, त्यात तुझा राहून गेला असेल. तरीही काही आलं नाही, तर मंगळवारचा तास संपल्यावर ते फळा पुसत असतील तेव्हा पुढे जा आणि तोंडी विचार. आणि भेटून आलीस की पुढच्या महिन्यात मला दुसरं पत्र लिही. सरांनी काय वाचायला दिलं ते त्यात असू दे.